जागच्या जागी अकरा हजार मैल

कुंभार पिंपळगावच्या प्राथमिक शाळेतले सहशिक्षक रायभान गुरुजी आणि मंठ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई बेबीनंदा हे एकमेकांचे नवरा-बायको आहेत, ही बाब शासनाला मान्य होती. त्याबद्दल कुठल्याही टेबलाची हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की त्या काळी पिंपळगाव एका जिल्ह्यात होतं आणि मंठा दुसऱ्या, आणि एका जिल्हा परिषदेचा नवरा दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या बायकोजवळ ठेवण्याची तरतूद अद्याप कुणाला सुचली नव्हती.

तेव्हा संसार चालायचा तो एसटीच्या भरवशावर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी पिशवी घेऊन निघायचे. पिंपळगावहून आष्टी, आष्टीहून परतूर, परतूरहून मंठा. पहिली गाडी उशिरा आली की दुसरी निघून गेलेली असायची. मंठ्यात पाय ठेवेपर्यंत दिवेलागण व्हायची, आणि रविवारी दुपारी परत फिरावं लागायचं. अडीच वर्षांची उषा बापाला बघून आत पळायची आणि ओरडायची, "आई, पाव्हणे आले!" शेजारच्या बाया हसायच्या. गुरुजीही हसायचे. पण एकदा परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून हा माणूस चक्क रडला, आणि आष्टीला उतरताना त्यानं ठरवून टाकलं की मोटारसायकल घ्यायची. बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी, आठवड्यातून दोनदा घरी जायचं. पोरीनं आपल्याला बाबा म्हटलं पाहिजे.

कोणती गाडी घ्यायची हा प्रश्नच नव्हता. अप्पाराव म्हणून एक सेवानिवृत्त गिर्दावर गावात राहायचे. गिर्दावर म्हणजे महसूल खात्यातला, पाच-पंचवीस गावं फिरून तलाठ्यांचं काम तपासणारा अंमलदार. त्यांच्या ओसरीत चौसष्ट सालची जावा गोधडीखाली झाकून ठेवलेली होती. तांबडा रंग, टाकीला दोन्ही बाजूंनी चंदेरी पत्रा, त्यात बघून माणसानं दाढी करावी. दर बाजारच्या दिवशी अप्पाराव गोधडी काढून गाडी पुसायचे, आणि बाजाराला आलेली माणसं हातातली भाजी खाली ठेवून बघायची. मीटरवर उणेपुरे आठशे बारा मैल.

"इतकी जपली कशी हो साहेब?" गुरुजींनी विचारलं.

"चालवली न्हाई," अप्पाराव म्हणाले. "गाडी खराब व्हती ती चालवल्यानं."

"मंग दौरे कशावर करायचा?"

"दौरे डायरीत केले. बराबर केले. तीस वर्षांच्या नोकरीत एक दौरा चुकवला न्हाई."

गुरुजींना वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्यांनी चार वर्षांची शिल्लक अप्पारावांच्या हातावर ठेवली, चहा घेतला आणि गाडी घरी आणली.

गाडी तपासायला शहागडहून मल्हारी आला होता. मल्हारी हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायचा. बापजाद्यांचा धंदा मेंढरांचा. चाळीसेक मेंढरं अजूनही त्याच्या कारखान्यामागच्या वाड्यात होती आणि तो दोन्ही धंदे एकाच हातानं करायचा. त्यानं किक मारली, कान लावून आवाज ऐकला आणि खूश होऊन म्हणाला, "पेटीतनं काढल्यासारखी हाय. उद्यापासून फिरवा."

"आधी नावावर करून घेतो."

"नावावर कामून? ह्या हायवेवर निम्म्या गाड्या मेलेल्या माणसांच्या नावावर पळून राह्यल्या. त्या मेलेल्यांनी कधी कुरकुर केली न्हाई. बिनघोर फिरवा, गुरुजी."

"न्हाई मल्हारी," गुरुजी म्हणाले. "माझ्या बापानं जन्मभर तोंडी हुकूम ऐकले. सर म्हटलं की सरायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. आम्हाला जे काही मिळालं ते लिहून मिळालं. मी कागद सोडून चालणार न्हाई."

ते खरंच होतं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांच्या वडिलांनी घरात पहिली वस्तू आणली ती पाटी. शिकलेल्या पोरानं कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा? मल्हारीनं मान हलवली आणि "मंग हाय तुमची यात्रा" असं म्हणून तो शहागडला गेला.

साल होतं शहात्तर. आणीबाणी लागू होती, त्यामुळे जिल्ह्याच्या मोटार कचेरीत सगळे लोक साडेदहाच्या ठोक्याला खुर्चीत होते. पूर्वी नकार मिळायला तीन खेपा लागत. आता तो पहिल्याच खेपेला, पावणेअकराच्या आत मिळत होता. भिंतीवर फलक होता: कमी बोला, जास्त काम करा. त्यातल्या पहिल्या अर्ध्याची अंमलबजावणी हेडक्लार्क भुजंगराव यांनी तातडीनं केली होती. दुसऱ्या अर्ध्याबद्दल त्यांनी वर खुलासा मागवला होता.

भुजंगरावांनी गाडीचं बुक उघडलं, खिडकीतून खाली उभी असलेली जावा पाहिली, आणि बुक मिटलं.

"साइडकार?"

"कोणती साइडकार, साहेब?"

भुजंगरावांनी बुकावर बोट ठेवलं. चौसष्ट सालच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: साइडकारसह, आसने तीन.

गुरुजी त्याच दिवशी अप्पारावांकडे गेले. अप्पाराव अजिबात दचकले नाहीत. गिर्दावरानं मोटारसायकल घ्यायची तर सरकारी दप्तर ठेवायला साइडकार पाहिजे, नाहीतर मंजुरी मिळणार नाही, असं त्या वेळच्या साहेबांनी ठरवलं होतं. "मंजुरीसाठी लावली कागदावर," अप्पाराव म्हणाले. "खरोखरीची घेऊन करतो काय? ओसरीत मावली असती का?"

"मंग ती कधी नव्हतीच, असं लिहून द्या ना साहेब."

"आन् माझी पेन्शन?" अप्पाराव पहिल्यांदाच कळवळून बोलले. "गुरुजी, सगळी हयात मी एक खोटा शब्द लिहून दिला न्हाई. आता म्हातारपणी लिहायला लावता?"

दुसऱ्या खेपेला गुरुजींनी अर्ज नेला, की साइडकार काढून टाकल्याची नोंद व्हावी. भुजंगरावांनी तो वाचून परत दिला.

"नोंद कमी करायची तर वस्तू निघाल्याची खात्री पाहिजे. निघालेली वस्तू दाखवा."

"ती नाही, साहेब."

"नाही ती वस्तू काढली कशी? आधी असू द्या. मग काढा. किंवा काढूच नका, जोडून आणा. गाडी कागदाबरहुकूम दिसली की पाच मिनिटांत तुमच्या नावावर." एवढं लांब बोलल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि फलकाकडे बघून ते गप्प झाले.

यात गुरुजींना अन्याय दिसला नाही, हे मुद्दाम सांगायला पाहिजे. दुसरा कुणी असता तर चिरीमिरी चारून मोकळा झाला असता. गुरुजींना वाटलं, कागदात उणीव आहे, ती भरून काढली की झालं. ते गाडी ट्रकमध्ये घालून शहागडला गेले आणि मल्हारीला साइडकार करायला सांगितली.

मल्हारीनं आयुष्यात साइडकार पाहिली नव्हती. गुरुजींनी कारखान्याच्या भिंतीवर खडूनं काढून दाखवली. मल्हारीनं ट्रकचा उरलेला पत्रा घेतला, छोट्या ट्रेलरचं चाक बसवलं आणि आठ दिवसांत ती तयार केली. आकारानं ती गुऱ्हाळातल्या कढईच्या जवळ गेली होती, पण मजबुती अशी, की बैल बसला तरी दबू नये. मोकळा पत्रा दिसला की मल्हारीला राहवत नसे. त्यानं दोन्ही बाजूंनी कमळं काढली, मागं दोन मोर काढले आणि मोरांच्या खाली 'हॉर्न प्लीज' लिहिलं.

कचेरीत ती बघायला सगळा स्टाफ खाली आला. निरीक्षक साहेब स्वतः आले. त्यांनी कमळं पाहिली, मोर पाहिले, आणि वहीत लिहिलं: सदर साइडकार नवीन दिसते. चौसष्ट साली नोंदलेली साइडकार शहात्तर साली नवीन असणे संभवत नाही. सबब हा अनधिकृत फेरबदल.

"मग काय करू, साहेब?"

"बारा वर्षांची आणा," भुजंगराव म्हणाले.

आता साइडकारला बारा वर्षांची करायला बारा वर्षं थांबणं हा सरळ मार्ग होता. पण तोवर उषाचं लग्न ठरवायची वेळ आली असती. मल्हारी म्हणाला, "पंधरा दिवस द्या. म्हातारं कसं करायचं ते आमच्या मेंढरांना ठाऊक हाय." त्यानं साइडकारला मिठाचं पाणी मारलं, चिंचेचा कोळ फासला आणि ती मेंढरांच्या वाड्यात नेऊन ठेवली. दोन मेंढ्या तिच्यात व्याल्या. कमळं गळून गेली, एका मोराचं मुंडकं गेलं, आणि पत्र्याला असा गंज चढला की मल्हारीलाच वाईट वाटलं. इतकं चांगलं काम इतक्या जल्दी बिघडवायची त्याला सवय नव्हती.

निरीक्षक साहेबांनी साइडकारला बोट लावून बघितलं आणि समाधानानं मान डोलावली. मग त्यांची नजर जावावर गेली. तांबडी टाकी उन्हात चमकत होती.

"साइडकार बारा वर्षांची," ते म्हणाले. "गाडी मात्र कालची दिसते. एकाच वाहनाचे दोन भाग वेगवेगळ्या वयाचे कसे? गाडी बदललेली असावी."

"साहेब, जपलेली आहे. वापरली नाही त्यांनी."

"वापरली नाही?" भुजंगरावांनी चष्मा वर केला. "शासकीय दौऱ्यासाठी मंजूर झालेलं वाहन वापरलं नाही? मग दौरे कशावर झाले?"

अप्पारावांची पेन्शन गुरुजींच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. खरं बोलावं तर म्हातारा बुडणार, खोटं बोलावं तर स्वतःचा जन्म बुडणार. या माणसानं खाली मान घालून बुटाची नाडी बांधायला घेतली, ती पाच मिनिटं बांधली.

तहसील कचेरीकडे विचारणा गेली. आणीबाणी असल्यामुळे उत्तर चौथ्याच दिवशी आलं. अप्पारावांच्या दौऱ्याच्या डायऱ्यांप्रमाणे सदर वाहन एकूण अकरा हजार नऊशे चाळीस मैल चाललेलं होतं. मीटरवर आठशे बारा. भुजंगरावांनी निळ्या शाईत शेरा मारला: मीटर अभिलेखाशी जुळवून आणावे.

"हे तर सोपं काम हाय," मल्हारी म्हणाला. "मीटरची वायर काढतो, विहिरीवरच्या इंजनाला लावतो. उद्या सकाळपर्यंत अकरा हजार."

"ते खोटं होईल," गुरुजी म्हणाले.

मल्हारी त्यांच्याकडे बघत राहिला. "आतापोतर काय खरं केलं आपण?"

"साइडकार खरी केली. जुनी झाली ती खरोखर झाली. मीटर गाडीनंच फिरवलं पाहिजे."

"मंग रस्त्यावर न्या."

"रस्त्यावर कशी नेऊ? अजून नावावर कुठं हाय? कचेरीपुरता परवाना हाय."

असा पेच पडल्यावर एकच उपाय उरला. मल्हारीच्या अंगणात, हायवेकडे पाठ करून, मागचं चाक विटांवर उचलून जावा उभी केली. गुरुजींनी किक मारली, गिअर टाकला आणि गाडी चालू लागली. जागच्या जागी. वाहन चालू असताना चालक त्यावर असला पाहिजे, म्हणून ते स्वतः सीटवर बसले. रविवार गेले, पोळा गेला, गणपती गेले. मंठ्याला जाणं बंदच झालं, कारण सुट्टीचा प्रत्येक दिवस मैल वाढवण्यात जात होता. पेट्रोल परवडेना तेव्हा त्यात रॉकेल पडू लागलं. दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी मीटर साडेसात हजारांवर होतं, आणि गुरुजी पंधरा दिवसांचे कपडे घेऊन मल्हारीकडे राहायला आले.

हायवेवरचे ट्रकवाले चहाला थांबले की हा तमाशा बघायचे. एक पंजाबी ड्रायव्हर नेमानं जाता-येता विचारायचा, "मास्टरजी, कहाँ तक पहुँचे?"

"मंठ्याला चाललो," गुरुजी ओरडून सांगायचे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बेबीनंदाच आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उषा. नवऱ्याचं पत्र नाही, निरोप नाही, माणूस आजारी आहे की काय म्हणून ती आधी पिंपळगावला गेली होती. तिथं कळलं की गुरुजी शहागडला आहेत. अंगणात येऊन तिनं पाहिलं. धुराच्या ढगात तिचा नवरा हँडल धरून, पुढं बघत, गंभीरपणे बसला होता, आणि चाक गरागरा फिरत होतं. साइडकारमध्ये एक कोकरू झोपलं होतं.

"हे काय करून राह्यलात तुम्ही?"

गुरुजींनी गाडी बंद केली नाही. बंद केली तर पुन्हा तापायला वेळ लागायचा. त्यांनी ओरडूनच सगळं सांगितलं. अप्पाराव, मंजुरी, मेंढरं, डायऱ्या. बेबीनंदानं शांतपणे ऐकून घेतलं. दवाखान्यात रोज वेदना ऐकायची तिला सवय होती.

"किती झाले?"

"नऊ हजार दोनशे."

"पिंपळगाव ते मंठा किती मैल?"

हिशेब गुरुजींनी केव्हाच केला होता. रोज बसल्या बसल्या दुसरं काय करणार?

"ह्या चार महिन्यांत एसटीनं आला असतात तर सोळा वेळा भेट झाली असती," बेबीनंदा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "पोरगी आता पाव्हणे बी म्हणत न्हाई तुमाला. इचारतच न्हाई. मला गाडी नको, बंगला नको. माणूस घरी पाहिजे. एवढं साधं तुमच्या कागदात कुठं लिहायची सोय हाय का न्हाई?"

मल्हारी मेंढरांना पाणी पाजायच्या निमित्तानं तिथून निघून गेला. गुरुजींनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. उषा कोकराला हात लावून बघत होती.

"आता थोडंच राह्यलंय," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "आता सोडलं तर सगळं वाया जाईल."

बेबीनंदानं डोळे पुसले. तिनं पिशवीतून एका कागदाची नक्कल काढून दाखवली. नोकरीतल्या नवरा-बायकोंना शक्यतो एका ठिकाणी आणावं असं नवं परिपत्रक निघालं होतं. तिनं बदलीचा अर्ज केला होता आणि मोठे डॉक्टर साहेब म्हणाले होते की या वेळी नक्की होईल. "तुमची गाडी निघू द्या न्हाईतर राहू द्या," ती म्हणाली. "मीच येते."

गुरुजींना आनंद झाला. तरी ती गेल्यावर त्यांनी पुन्हा किक मारली. अर्ज आपल्या जागी, गाडी आपल्या जागी.

डिसेंबरात एका रविवारी मीटरवर अकरा हजार नऊशे चाळीस आले. पुढं तीन मैलांवर इंजिनानं घुसमटल्यासारखा आवाज काढला आणि पिस्टन जाम झाला. टाकीवरचा चंदेरी पत्रा काळा पडला होता, तांबडा रंग उडाला होता, सीट फाटून काथ्या बाहेर आला होता. बारा वर्षं गोधडीखाली राहिलेली गाडी एक फूटही न हलता म्हातारी झाली होती. ट्रकमध्ये घालून ती कचेरीत नेली. निरीक्षक साहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वाहवा. आता कशी कागदाबरहुकूम आहे."

"साहेब, ती आता चालत नाही."

"चालणं न चालणं हा या टेबलाचा विषय नाही," भुजंगराव म्हणाले, आणि बरोबर पाच मिनिटांत गाडी रायभान गुरुजींच्या नावावर झाली. दिलेला शब्द पाळणारी माणसं होती ती. गुरुजींनी बुकावर स्वतःचं नाव वाचलं आणि कुणी बघत नाही असं पाहून ते बुक कपाळाला लावलं.

जानेवारी संपता संपता बेबीनंदाच्या अर्जाचं उत्तर आलं. तेही वेळेवर आलं. अर्जदार यांचे पती यांचे नावे साइडकारसह तीन आसनांचे वाहन असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. पती, पत्नी व अपत्य मिळून तीन. सबब कुटुंबाची दळणवळणाची सोय झालेली असल्याने एकत्रीकरणाचे प्रयोजन उरत नाही. अर्ज नामंजूर. मात्र सदर वाहन अन्य व्यक्तीचे नावे झाल्याचा दाखला ३१ मार्चपूर्वी सादर केल्यास फेरविचार करता येईल. रिक्त जागा एकच आहे याची नोंद घ्यावी.

गुरुजींनी ते पत्र तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती, हेच त्यांना सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शासनाला आईवरून शिवी दिली, आणि मग दाराबाहेर कुणी ऐकलं का ते बघून आले.

शहागडला मल्हारीनं पत्र ऐकलं आणि विड्याची पिचकारी मारली. "चालत न्हाई अशी गाडी कोण घेईल, गुरुजी? भंगारवाला घेईल, पण भंगारवाला नावावर करून घेत न्हाई."

"मग?"

"बाहेरून नवी करून देतो. आतलं आत राहू द्या. पिस्टन ठोकून बसवतो. कोसभर चालंल. त्याच्या पुढचं माझ्या हातात न्हाई."

गुरुजींनी पत्राची घडी घातली. गोदावरीच्या पुलावरून ट्रक जात होते. मग ते म्हणाले, "साइडकारवर मोर नको काढू. साधी ठेव." मल्हारीनं ओळखलं की होकार आला. त्यानं मेंढरांच्या लेंड्या खरवडल्या, टाकीला तांबडा रंग मारला, चंदेरी पत्रा घासून घासून उजळ केला, सीटला नवं रेक्झिन चढवलं. या खेपेला त्याचा हात मनापासून चालला. गाडी अशी झाली, की बाजाराच्या दिवशी माणसं पुन्हा हातातली भाजी खाली ठेवून बघायला लागली.

गिऱ्हाईक आलं ते गुढीपाडव्याच्या सुट्टीत. मार्च संपायला थोडे दिवस उरले होते. बेबीनंदाही उषाला घेऊन पिंपळगावला आलेली होती. सर्जेराव नावाचा माणूस, अंबडच्या गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, तिशीचा, अंगात धुतलेला सदरा. त्यानं गाडीभोवती फेरी मारली. साइडकारमध्ये हात घालून गादी दाबून पाहिली.

"पोरगं हितं बसंल," तो स्वतःशीच म्हणाला. मग ओशाळून सांगायला लागला, "मी अंबडला, बायको पाथरीला शिक्षिका हाय. दीड वर्ष झालं, गुरुजी. एसटीत जीव जातो. पोरगं वळखत न्हाई मला. तिच्या बदलीचा अर्ज लावलेला हाय, पण व्हईल तव्हा व्हईल. तवर ही गाडी असली म्हंजे..."

मल्हारी गाडीपाशी उभा होता. त्यानं पटकन किक मारली. गाडी सुरू झाली. आवाज गोड होता. सर्जेरावांनी डोळे मिटून ऐकला आणि ते पुन्हा विचारात पडले. पैसा मोठा होता, गाडी जुनी होती, माणूस अनोळखी होता. कितीतरी वेळ ते टाकीवरून हात फिरवत उभे राहिले. दारात बेबीनंदा उभी होती. फेरविचाराचं पत्र तिच्या हातात होतं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, सर्जेरावांकडेही बघत नव्हती.

शेवटी सर्जेराव म्हणाले, "मला गाडीतलं काही कळत न्हाई, गुरुजी. तुमी शिक्षक माणूस हाव. तुमी सांगताल ते खरं. घेऊ का?"

'नको' हा शब्द गुरुजींच्या ओठापर्यंत आला होता. या माणसाच्या नावावर गाडी झाली की त्याच्या बायकोच्या अर्जावर कोणत्या शाईत काय लिहून येणार, हे गुरुजींना पाठ होतं.

"कागद एकदम चोख हायेत," गुरुजी म्हणाले.

सर्जेरावांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पिशवीची गाठ सोडली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा सरळ माणूस, त्यानं असं करावं? जरूर म्हणा. पण सर्जेराव टाकीवरून हात फिरवत उभे होते, तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात म्हणालातच ना: घे बाबा, घेऊन टाक, एकदाचं या बिचाऱ्यांचं भलं होऊ दे? त्याची बायको पाथरीला आहे, हे तसं म्हणायच्या आधी तुम्हीही ऐकलं होतं.